न खोडलेली ओळ

दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या शुक्रवारी कुरवंड्याच्या मारुतीसमोर इतकी माणसं जमली, की ड्यूक्स नोजचा कडा बघायला निघालेल्या पुण्याच्या गाड्यांना अर्ध्या वाटेतून मागे वळावं लागलं. गावात यंत्र आलं होतं. पोरानं काचेवर अंगठा ठेवला की यंत्र त्याचा स्वभाव सांगतं, खोडी सांगतं, पुढे शिकणार की नाही तेही सांगतं, ही बातमी तीन दिवस आधीच लोणावळ्याच्या बाजारापर्यंत उतरली होती. भाताची कापणी उरकत आली होती. अंगावरचा पेंढा झटकून माणसं तशीच येऊन बसली होती.

मांडवात मखमल अंथरलेलं टेबल होतं. त्यावर झेंडूचा हार घातलेला एक टॅबलेट आणि शेजारी गुडघ्याएवढा स्पीकर. टॅबलेटला हळदकुंकूही वाहिलेलं होतं, पण काचेवर पडू नये म्हणून जपून, कडेकडेनं. त्याच्यामागे अर्णव सर उभे होते. वय पस्तिशीचं, कुर्ता पांढराशुभ्र, गालाला चिकटलेला बारीक माइक. लोक त्यांना सर म्हणत. ते स्वतःला डिजिटल आचार्य म्हणवून घेत.

“तुमच्या लेकराची जन्मोजन्मीची माहिती कुठे साठवलेली असते?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकलं. “क्लाउडमध्ये. क्लाउड म्हणजे काय? ढग. आता मला सांगा, अख्ख्या जिल्ह्यात तुमच्यापेक्षा ढगांच्या जवळ कोण राहतं?”

माणसं खुश होऊन हसली. काहींनी वर पाहिलं. आभाळ त्या दिवशी लख्ख निळं होतं, औषधालाही ढग नव्हता. पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

दाराशी एक मुलगी पोरांची नावं विचारून टोकन देत होती. आपला नंबर आला की पोरानं पुढे यायचं, डोळे मिटायचे, अंगठा ठेवायचा. पहिला नंबर भागुबाईच्या नातवाचा, आकाशचा लागला. अकरावीतला दांडगा पोरगा, त्यानं डोळे मिटून अंगठा टेकवला. स्पीकरमधून एका बाईचा गोड, संथ आवाज आला.

“हा मुलगा उत्तर देण्याआधी शर्टाची गुंडी फिरवतो. शेळ्यांची नावे एका दमात सांगतो. पाढे मात्र साताशी अडतात. रागावले तर जेवत नाही.”

आकाशचा दुसरा हात त्या क्षणी गुंडीवरच होता. मांडवातून एक मोठा सुस्कारा उठला. भागुबाईनं कपाळाला हात लावला. “आगं बया, शेळ्यांचं ह्येला कुनी सांगितलं?”

पुढच्या रांगेत, एकुलत्या एका गादीच्या खुर्चीवर, खांद्यावर शाल घेऊन श्रीपती ओव्हाळ गुरुजी बसले होते. गावच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. जन्मात कधी पुढच्या रांगेत बसले नव्हते. लग्नाला गेले तरी खांबाआड पान मांडून घेणारा माणूस. विहाराच्या छोट्या वाचनालयात दुपारभर पुस्तकात डोकं खुपसून बसावं आणि कुणी काही विचारलंच तर दोन शब्दांत, तेही ओठांतल्या ओठांत, उत्तर द्यावं, असा त्यांचा सगळा कारभार. शाल अर्णव सरांनीच पांघरवली होती. “गुरुजींचे आशीर्वाद आहेत म्हणून हे यंत्र तुमच्या गावात आलं,” असंही ते माइकवर म्हणाले होते, आणि त्या वाक्यानंतर काठावरची चार माणसं आत येऊन बसली होती.

गुरुजी यंत्राचं बोलणं मन लावून ऐकत होते. काय नेमकी भाषा आहे, असं त्यांच्या मनात आलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आपण एवढी वर्षं पोरांविषयी लिहिलं, पण असं वाक्य आपल्याला कधी साधलं नाही, असं वाटून ते थोडे खट्टूही झाले. चौथी मुलगी पुढे आली. अमृता, दहावीतली. यंत्र म्हणालं, “ही मुलगी गोड गाते. हसण्याआधी इकडेतिकडे बघून घेते.”

गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. हे वाक्य लिहिताना पेन गळलं होतं. उजव्या बाजूला शाईचा ठिपका पडला होता. त्यांना तो ठिपका डोळ्यांसमोर दिसला.

वाक्य त्यांचंच होतं. सगळी वाक्यं त्यांचीच होती.

ते सावरायच्या आत हनुमंताची पायल पुढे आली. नववीत होती. रोज लोणावळ्याच्या हायस्कूलला जायची, वर्गात पहिल्या पाचांत असायची. तिचा बाप एका बंगल्यावर वॉचमन. त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात मदतीला पोरगी हवी होती, आणि हनुमंताचं मन गेले दोन महिने हिंदकळत होतं. आई चंद्रिका शिकवायचं म्हणत होती. शेवटी यंत्रालाच विचारू, असं घरात ठरलं होतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

पायलनं अंगठा ठेवला.

“समज कमी,” गोड आवाज म्हणाला. “दोनदा सांगूनही कळत नाही. शून्यात बघत बसते. ही मुलगी पुढे फारसे शिकेल असे वाटत नाही.”

पायलनं अंगठा उचलला, पुसला आणि परत ठेवला. यंत्रानं तेच पुन्हा सांगितलं. हनुमंत उठला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, “बरं झालं, येकदाचं कळलं. शाळा उघडली का दाखला काढून आनतो.”

गुरुजींनी मान खाली घातली. अर्णव सरांना वाटलं असावं की ते ध्यान लावताहेत. त्यांनी तसं माइकवर सांगितलंही.

त्याची हकिगत अशी. महिन्याभरापूर्वी अर्णव सर विहारामागच्या गुरुजींच्या घरी आले होते. शाल, श्रीफळ आणि एक काचेची चौकट घेऊन. चौकटीत गुरुजींचं नाव सोनेरी अक्षरांत. गावातल्या जुन्या शिक्षकांचं काम जपून ठेवायचं आहे, असं ते म्हणाले. गुरुजींच्या कामाबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि अकरा वह्या काढून दिल्या. पहिली-दुसरीतल्या प्रत्येक पोराविषयी दर वर्षी दोन-चार ओळी, निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. अकरा वह्यांत मिळून एक खाडाखोड नाही. त्याचा गुरुजींना एवढा अभिमान होता की तोच आयुष्यात एकदा त्यांनी बोलून दाखवला. अर्णव सरांनी पान न् पान फोटोत घेतलं आणि मग टॅबलेट पुढे केला. बारीक अक्षरांत पुष्कळ काहीतरी लिहिलेलं होतं आणि खाली हिरव्या चौकटीत ‘सहमत’. चष्मा आतल्या खोलीत होता. हे काय आहे, असं विचारायची गुरुजींना लाज वाटली. नुकताच सत्कार झालेला शिक्षक असं कसं विचारणार? त्यांनी बोट टेकवलं.

आणि पायलची ती ओळ. तीही शेवटच्या वहीत, शेवटच्या वर्षी लिहिलेली. पोर खिडकीजवळ मागे बसायची आणि प्रश्न विचारला की नुसती बघत राहायची. गुरुजी निवृत्त झाल्यावर वर्षभरात शाळेच्या आरोग्य तपासणीत कळलं की तिचे दोन्ही कान आतून भरलेले होते, तिला धड ऐकूच येत नव्हतं. तळेगावच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. चंद्रिकानं ही गोष्ट एसटीच्या थांब्यावर गुरुजींना आनंदानं सांगितली होती. गुरुजी घरी आले, पेटीतून वही काढली, ते पान उघडलं. पेन हातात घेतलं. एकतीस वर्षांत एकही ओळ खोडली नव्हती. त्यांनी वही मिटली आणि पेटीला कुलूप लावलं.

त्यांच्या मनाला कुलूप लागलं नव्हतं, एवढंच.

शनिवारी दुपारी, सुट्टीतही, शाळेत अनघा बाईंचा वर्ग असायचा. बाई तळेगावच्या, गावच्या शाळेवर चार वर्षं होत्या. त्या आल्या तेव्हा शाळेला मिळालेला मोठा डिजिटल पडदा भरतकामाच्या आच्छादनाखाली होता. दसऱ्याला त्याची पूजा होई आणि पंधरा ऑगस्टला त्यावरची धूळ पुसली जाई. बाईंनी पहिल्या दिवशी आच्छादन काढून खिडक्या पुसायला घेतलं. तंत्रज्ञान वापरून कसं शिकवावं याचं प्रशिक्षण त्या घेऊन आल्या होत्या, आणि त्यात आपण एकच गोष्ट शिकलो असं त्या हसून सांगत: यंत्र शेवटी उघडायचं, तास संपल्यावर माणसाला काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवायचं. पोरांसाठी हे जमल्यावर त्यांनी शनिवारी मोठ्यांचा मोबाइल-वर्ग सुरू केला. त्याची सुरुवात नेहमी एकाच गोष्टीनं व्हायची. बाई फळ्याच्या कोपऱ्यात ‘या आठवड्याची चूक’ असं लिहायच्या आणि पहिली चूक स्वतःची सांगायच्या. बाईच चुकतात म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसांची भीड मोडायची आणि बोटं चालायला लागायची.

त्या शनिवारी बाईंनी सांगितलं की पाणी बंद राहणार असल्याचा एक निरोप त्यांनी न तपासता सगळ्यांना पाठवला आणि अख्ख्या सोसायटीनं उगाच पिंप भरून ठेवली. सगळे हसले. “अजून कुणाची?” त्यांनी विचारलं. शेवटच्या बाकावरच्या गुरुजींकडेही त्यांनी पाहिलं. गुरुजी बाकावरची नसलेली धूळ पुसत राहिले.

मग फळ्यावर दिवसाचं काम आलं: ‘आजच्या तासानंतर मला सहमत दाबण्याआधी थांबता येईल.’ भागुबाईला हे काही शिकण्यासारखं वाटलं नाही. थांबायला कशाला शाळा लागते, असं तिचं म्हणणं. बाईंनी तिच्याच फोनवर बॅटरी लावायचं एक ॲप उघडून दिलं. ते आधी फोनमधले सगळे नंबर मागत होतं.

“मावशी, उजेड पाडायला तुमच्या सुनेचा नंबर कशाला हवा?” बाईंनी विचारलं.

“त्यो तर मला बी देत न्हाई ती,” भागुबाई म्हणाली आणि वर्ग पुन्हा हसला. पण तिचं बोट थांबलं होतं. बाईंनी सगळ्यांकडून तेच दहा-दहा वेळा करून घेतलं. कोण विचारतंय, काय मागतंय, हे घेऊन ते कुठे नेणार. ज्याचं उत्तर कळत नाही तिथे बोट टेकवायचं नाही, आणि ‘कळत नाही’ हे मोठ्यानं म्हणायचं. ते मोठ्यानं म्हणणंच सगळ्यांना जड जात होतं. भागुबाईनं ते तीनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा तिला मजा वाटायला लागली.

वर्ग सुटल्यावर गुरुजी बसूनच राहिले. बाई फळा पुसत होत्या. गुरुजींनी सांगायला सुरुवात केली तेव्हा बाईंना दोनदा “काय म्हणालात?” असं विचारावं लागलं. शेवटी त्या फडकं ठेवून समोरच्या बाकावर येऊन बसल्या.

सगळं ऐकून त्या रागावल्या नाहीत. तेच गुरुजींना सोसेना. त्या एवढंच म्हणाल्या की आता उलगडा झाला. काल त्या मागे उभ्या होत्या आणि एक गोष्ट त्यांना खटकली होती. नववी आणि त्यावरच्या पोरांचं यंत्र सगळं सांगतं, आठवी आणि त्याखालच्यांचं मात्र म्हणतं की बीज अजून कोवळं आहे. “यंत्राचं ज्ञान तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी संपतं, गुरुजी.”

मग त्यांनी एक तोड सुचवली. उद्या दोन पोरांची टोकनं अदलाबदल करायची. यंत्र अंगठा ओळखत नाही, टोकनवरचं नाव वाचतं, हे आपोआप उघडं पडेल. गुरुजींचं नाव कुठे यायला नको.

गुरुजींना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच रात्रभर लाज वाटत राहिली. सकाळी निघताना त्यांनी काय विचार केला कोण जाणे, शेवटची वही पिशवीत घातली.

रविवारी यंत्र उपाय सांगणार होतं. ज्याला जे कमी असेल त्याची दीक्षा, तीन महिन्यांची, नोंदणी दाराशी. शुक्रवारपेक्षा गर्दी दुप्पट होती. टोकनं पुन्हा वाटली गेली. ठरल्याप्रमाणे आकाश आणि अमृतानं आपापली टोकनं बदलली. अमृताचा नंबर पुकारला गेला आणि तिचं टोकन घेऊन आकाश पुढे आला. त्यानं डोळे मिटून अंगठा ठेवला.

“ही मुलगी गोड गाते,” यंत्र म्हणालं. “हसण्याआधी इकडेतिकडे बघून घेते.”

मांडवात हशा उसळला. मिसरूड फुटलेला आकाश लाजेनं लाल झाला. अनघा बाई पुढे आल्या आणि टोकनं बदलल्याचं त्यांनी शांतपणे सांगितलं. अर्णव सरांचा चेहरा क्षणभर पडला. क्षणभरच.

“बाई, तुम्ही फार मोठं काम केलंत,” ते म्हणाले. “यंत्र मागच्या जन्मात शिरलं. हा मुलगा मागच्या जन्मी मुलगी होता.”

कुणीतरी हसेल असं बाईंना वाटलं होतं. पण भागुबाई विचारात पडली. “तरीच,” ती म्हणाली, “तरीच ह्यो माज्यापेक्षा गोल भाकरी थापतोय.” आणि तिनं दोन्ही हात जोडले. तिच्यामागे चार जणांनी जोडले. बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगून पाहिल्या, पण आता मांडव ऐकायला तयार नव्हता. मागून हनुमंत बोलला, आणि तो भांडत नव्हता, विनवत होता.

“बाई, बाकीचं काय बी असू द्या. माज्या पायलचं तर यंत्रानं खरं सांगितलं ना? ल्हानपनी ती अशीच व्हती. नुसती बगत बसायची. ह्ये परक्या मान्साला कसं ठावं?”

पायल बापाशेजारी उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. तिला स्वतःलाही ते पटायला लागलं होतं, हे गुरुजींना तिच्या खांद्यांवरून दिसलं. पोरांचे खांदे वाचण्यात ते कधी चुकत नसत. चुकले होते ते एकदाच.

ते उठले. शाल खुर्चीवर राहिली. पिशवीतून वही काढून ते टेबलाशी गेले आणि काहीतरी बोलले.

“ऐकू येत न्हाई, गुरुजी,” मागून कुणीतरी म्हणालं.

गुरुजींनी घसा खाकरला. “या आठवड्याची चूक माझी आहे,” ते म्हणाले. शनिवारच्या वर्गातली माणसं एकदम सावरून बसली. “पुढचा नंबर कुणाचा?”

प्रज्ञेशचा होता. दाराशी बसलेल्या मुलीनं सवयीनं आपल्या फोनवर त्याचं नाव दाबलंही होतं. प्रज्ञेश अंगठा ठेवायला पुढे आला, पण यंत्र बोलायच्या आत गुरुजींनी वही उघडली आणि वाचलं: “खडू खातो. विचारले तर दात दाखवून नाही म्हणतो. चित्रात सूर्य नेहमी डोंगराखाली काढतो.”

दोन श्वास गेले. मग स्पीकरमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “खडू खातो. विचारले तर दात दाखवून नाही म्हणतो. चित्रात सूर्य नेहमी डोंगराखाली काढतो.”

अर्णव सर धावले ते गुरुजींच्या पायाशी वाकले. “पाहिलंत? गुरुजींनाही दिसतं. गुरुजी सिद्ध पुरुष आहेत. मी पहिल्या भेटीत ओळखलं होतं.” मागच्या दोन बायका लगेच उठून उभ्या राहिल्या. त्या क्षणी गुरुजींनी नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं ही तर त्यांची जन्माची सवय. त्यांना सिद्ध पुरुष होऊन घरी जाता आलं असतं.

“मला काही दिसत नाही,” गुरुजी म्हणाले. “मला नीट दिसत नाही म्हणून तर हे झालं. ही माझी वही आहे. तुमच्या पोरांविषयी मी लिहिलेलं. ते मी ह्या माणसाला दिलं. माझा सत्कार केला म्हणून दिलं. कशावर बोट टेकवलं ते वाचलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. यंत्र अंगठा वाचत नाही. टोकन घेताना तुम्ही नाव सांगता, ते ती मुलगी दाबते, आणि यंत्र माझी ओळ वाचून दाखवतं. तुमच्या घरातल्या गोष्टी मी चव्हाट्यावर मांडल्या.”

अनघा बाईंनी आपला रोजचा फोन काढला, चार शब्द लिहिले आणि भागुबाईच्या कानाशी धरला. तीच गोड बाई फोनमधून म्हणाली, “भागुबाईची भाकरी गोल असते.” भागुबाई फोनकडे बघत राहिली. हा आवाज प्रत्येक फोनमध्ये असतो, लिहाल ते वाचतो, खरंखोटं त्याला कळत नाही, असं बाई सांगत होत्या. फोन हातोहात फिरला. तीन-चार जणांनी आपापल्या फोनकडून आपापली नावं वदवून घेतली. मघाशी जोडलेले हात आता त्यात गुंतले होते.

“मग पायलचं?” हनुमंतानं विचारलं.

गुरुजींना वाटलं होतं की कठीण भाग संपला. त्यांनी पान उलटलं. ओळ वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न पाडता. मग म्हणाले, “हनुमंता, हे यंत्रानं सांगितलेलं नाही. देवानं नाही आणि ढगानंही नाही. हे मी लिहिलंय आणि चुकीचं लिहिलंय. पोरीला ऐकू येत नव्हतं. ते मला कळलं नाही. पुढे चंद्रिकानं सांगितलं तेव्हा कळलं, तरी मी ओळ खोडली नाही. माझी वही स्वच्छ राहावी म्हणून. तुझ्या पोरीपेक्षा मला माझं अक्षर प्यारं झालं.”

अर्णव सर तोवर माइक काढून सामान आवरू लागले होते. पोरांनी मांडवाची वाट अडवली आणि बाईंनी टॅबलेटमधले, फोनमधले सगळे फोटो समोर पुसून घेतले. तक्रार द्यायला चार माणसं लोणावळ्याला निघाली. सगळं पुसलं गेलं का, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. इथलं गेलं, आणखी कुठे पाठवलं असेल तर सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. गुरुजींनी ते ऐकलं. ते त्यांना जन्मभर पुरणार होतं.

माणसं अजून उठत नव्हती. गुरुजींकडे बघत होती, आणखी काहीतरी ऐकायचं असल्यासारखी. गुरुजींना भाषण येत नसे. तरी ते बोलले.

“यंत्राला जे माहीत असतं ते कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं. यंत्र वाईट नाही. बाई त्याच यंत्रावर तुम्हाला शिकवतात. पण ते बोलायला लागलं की हात जोडू नका, विचारा. हे याला कुणी सांगितलं? कधी सांगितलं? आणि सांगणारा चुकला असेल का? आचार्य असो, डॉक्टर असो, तुमचा जुना मास्तर असो, विचारा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, मोठ्यानं म्हणा. मी ते म्हटलं नाही, म्हणून हे झालं.”

हनुमंत पुढे आला. त्यानं वहीतली ती ओळ एकदा स्वतः वाचून पाहिली. दाखल्याचं काही तो पुन्हा त्या दिवशी किंवा नंतर बोलला नाही. शाळा उघडली त्या सकाळी त्यानंच पायलला हायस्कूलच्या फाटकाशी सोडलं.

मांडव रिकामा झाल्यावर गुरुजींनी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडायला वही टेबलावर ठेवली. पायल जवळ येऊन उभी राहिली. ती बराच वेळ त्या टपोऱ्या अक्षरांकडे बघत होती.

“सर,” ती म्हणाली, “माझे कान भरले होते ते खरंय. पण तुम्ही पण लई हळू बोलायचा. पुढं बसणाऱ्या पोरी पण एकमेकींना विचारायच्या, सर काय म्हणाले.”

गुरुजींचा हात थांबला. एकतीस वर्षांत किती पोरांना ऐकू न आल्यानं नुसतंच बघत बसावं लागलं असेल, याचा हिशोब त्या अकरा वह्यांत कुठेच नव्हता.

“खोडू नका,” पायल म्हणाली. “खोडलं तर काय झालं होतं ते कळणारच नाही. खाली लिहा.”

गुरुजींनी तिच्यासमोरच लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही, एक शब्द चुकून दोनदा पडला. तो त्यांनी तसाच ठेवला. ‘वरील नोंद चूक आहे. मुलीला ऐकू येत नव्हते आणि शिक्षक शिक्षक फार हळू बोलत असे.’

मग खाली सही केली, तारीख घातली, आणि पायलनं सांगितलं म्हणून ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.